माळ्यावरचा पेंटियम फोर आणि जुने खेळ: काय ठेवायचं, काय बदलायचं

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: इंदिरानगरच्या घरी माळ्यावर वडिलांचा २००३ सालचा असेंबल्ड संगणक पडून आहे. पेंटियम फोर, इंटेल ८४५जीव्ही चिपसेटचा बोर्ड, २५६ एमबी रॅम, ४० जीबीची हार्डडिस्क, १५ इंची सीआरटी (काचेच्या पिक्चर ट्यूबचा) मॉनिटर. कित्येक वर्षांत चालू केलेला नाही. डेव्ह, प्रिन्स, रोड रॅश, एनएफएस (नीड फॉर स्पीड) टू, आयजीआय आणि व्हाइस सिटी हे खेळ पुन्हा खेळायचेत. हाताशी दहा हजार रुपये आहेत. हाच डबा उठवायचा, की पेंटियम थ्री आणि व्हूडू हे त्या काळचं थ्रीडी ग्राफिक्स कार्ड शोधत फिरायचं, की सरळ रास्पबेरी पाय हा तळहाताएवढा संगणक घ्यायचा?

नाशिकमध्ये संगणक दुरुस्तीत माझी उभी हयात गेली, आणि हल्ली असे जुने डबे उठवून मागणारी मंडळी दर महिन्याला येतात. म्हणून आधी निकाल सांगतो, कारणं मागाहून. आहे तोच डबा उठवा. व्हूडूचा नाद सोडा. पाय या कामाचा नाही. आणि दहा हजारांतले निम्मे तरी शिल्लक राहायला हवेत. राहिले नाहीत तर कुणीतरी तुम्हाला टोपी घातली असं समजा.

आता यादीकडे बघा. डेव्ह आणि डॉसवरचा (विंडोजच्या आधीच्या, हुकूम टाइप करायच्या प्रणालीवरचा) प्रिन्स १९९०चे. रोड रॅशची पीसी आवृत्ती १९९६ची, एनएफएस टू १९९७चा, आयजीआय २०००चा आणि व्हाइस सिटी पीसीवर आला २००३ मध्ये. तेरा वर्षांचा पसारा आहे हा, आणि पीसीच्या इतिहासात एवढी धावपळ दुसऱ्या कुठल्याच तेरा वर्षांत झाली नसेल. सुरुवातीला ज्याच्याकडे ३८६ प्रोसेसर तो श्रीमंत, आणि शेवटी दोन गिगाहर्ट्झच्या पुढचा पेंटियम फोर गल्लीतल्या सायबर कॅफेतसुद्धा. मधल्या काळात डॉस गेलं, विंडोज ९५ आणि ९८ आले, मग एक्सपी आलं. एकाच मशीनवर हे सगळं शंभर टक्के बसत नाही. माझा साधा आडाखा असा आहे की खेळ बाजारात आल्यावर दोन-तीन वर्षांनी जे मशीन मध्यम समजलं जायचं, ते त्या खेळाला सगळ्यात मानवतं. त्याहून जुनं मशीन धापा टाकतं आणि त्याहून फार नवं मशीन भलत्याच कुरापती काढतं.

या कुरापती काय असतात त्याचं एक उदाहरण देतो. टर्बो पास्कल या प्रोग्रामिंगच्या साधनात लिहिलेले अनेक डॉस प्रोग्राम साधारण २०० मेगाहर्ट्झच्या पुढच्या सीपीयूवर सुरू होतानाच ‘रनटाइम एरर २००’ दाखवून मरतात. प्रोग्राम उठताना थोड्या वेळात रिकामे फेरे किती मारता येतात ते मोजून ठेवतो, म्हणजे पुढे ‘इतके मिलिसेकंद थांब’ म्हटल्यावर त्याला अंदाज असतो. सीपीयू जलद झाला की हा आकडा एवढा फुगतो की भागाकाराचं उत्तर १६ बिटांत मावत नाही, आणि खेळाचं चित्र दिसण्याआधीच गाशा गुंडाळला जातो. त्याहून जुने काही खेळ तर घड्याळ बघतच नाहीत, सीपीयू जेवढा पळेल तेवढे पळतात. ३८६-४८६च्या कॅबिनेटवर ‘टर्बो’ लिहिलेलं बटण असायचं ते याचसाठी. नाव टर्बो, पण त्याचा खरा उपयोग मशीन हळू करण्याचा.

रास्पबेरी पायबद्दल एवढंच: टीव्हीला जोडायच्या पिवळ्या-काळ्या कॅसेटवरचा काँट्रा, मारिओ, सेगाचे खेळ, आर्केडमधले खेळ हे हवं असेल तर पाय उत्तम, आणि डॉसबॉक्स (डॉसच्या मशीनचं सोंग आणणारा प्रोग्राम) घालून डॉसचे खेळही बऱ्यापैकी चालतात. पण विंडोज ९८ आणि एक्सपीच्या जमान्यातले खेळ ही त्याची जात नाही. तुमची अर्ध्याहून जास्त यादी तिथेच बाद होते.

डब्याला हात लावण्याआधी मात्र एक संध्याकाळ घरातल्या आजच्या लॅपटॉपवर घालवा. डेव्ह आणि प्रिन्स डॉसबॉक्समध्ये इतके चोख चालतात की त्यांच्यासाठी हार्डवेअर गोळा करण्याचं एकमेव कारण हौस हे उरतं. एनएफएस टूच्या स्पेशल एडिशनमध्ये थ्रीडी कार्डासाठी फक्त ग्लाइडची, म्हणजे व्हूडू बनवणाऱ्या थ्रीडीएफएक्स कंपनीच्या कार्डाशी बोलायच्या भाषेची, सोय होती. मायक्रोसॉफ्टचं डायरेक्टथ्रीडी नाहीच, त्यामुळे बाकी सगळ्यांना सॉफ्टवेअर मोड, म्हणजे चित्राचं सगळं काम सीपीयूवर. आज एनग्लाइड नावाचा फुकटचा प्रोग्राम ग्लाइडच्या हाका आजच्या ग्राफिक्स कार्डाला समजावून सांगतो, आणि आपल्यापैकी बहुतेकांनी तेव्हा पाहिलंच नव्हतं ते रूप लॅपटॉपवर दिसतं. लोक व्हूडू कार्डासाठी हजारो रुपये मोजतात तेव्हा मला चार आण्याची कोंबडी आणि बारा आण्याचा मसालाच आठवतो. थ्रीडीएफएक्स कंपनीचा कारभार २००० सालच्या अखेरीस एनव्हिडियाकडे गेला, कार्डं मोजकीच उरलीत, संग्राहकांनी भाव चढवून ठेवलाय. तुमच्या यादीतल्या एकाही खेळाला ते लागत नाही.

लॅपटॉप अडतो तो पुढच्या दोन ठिकाणी. पहिलं म्हणजे इन्स्टॉलर. विंडोज ९५च्या काळातले कित्येक खेळ स्वतः ३२ बिटांचे, पण त्यांचा सेटअप प्रोग्राम मात्र १६ बिटांचा. ६४ बिटांच्या विंडोजवर १६ बिटांचं काहीच चालत नाही, त्यामुळे सीडी ठणठणीत असूनही डबल क्लिक केल्यावर नुसती एरर येते. दुसरं, सीडीची नक्कल होऊ नये म्हणून घातलेलं सेफडिस्क. त्याला लागणारा ड्रायव्हर विंडोज १० मध्ये मायक्रोसॉफ्टनं ठेवलाच नाही आणि २०१५च्या एका अपडेटनं व्हिस्टा, ७ आणि ८ वरही तो बंद केला. त्यामुळे विकत घेतलेली अस्सल सीडी आज जास्त छळते. एक्सपीवर या दोन्ही भानगडी नाहीत. तुमच्या माळ्यावरच्या डब्याची खरी किंमत इथे कळते: १९९६ ते २००४ या काळातले सीडीवरचे खेळ, ड्राइव्हमध्ये सीडी घालून, कसलीही जादू न करता.

आता डबा खाली उतरवा, पण पिन सॉकेटला लावू नका. लोक इथेच घाई करतात.

सगळ्यात आधी हार्डडिस्क काढून बाजूला ठेवा. तिच्यात वडिलांची कागदपत्रं, फोटो, कदाचित बहिणीच्या लग्नाची आमंत्रण यादी असेल. यूएसबी ते आयडीई (जुन्या हार्डडिस्कची जोडणी) अडॅप्टर काही शे रुपयांत मिळतो. तो लावून दुसऱ्या संगणकावर आधी संपूर्ण डिस्कची इमेज, म्हणजे हुबेहूब प्रत, काढा, लिनक्सवरचं डीडीरेस्क्यू त्यासाठी चांगलं. डिस्क टकटक आवाज करत असेल तर हट्ट धरू नका, पुन्हापुन्हा चालू-बंद करण्यानं ती लवकर जाते. ही डिस्क परत मशीनमध्ये बसवायची नाहीये.

मग बोर्ड उजेडात धरा. १९९९ ते २००७च्या आसपासच्या बोर्डांवर इलेक्ट्रोलिटिक कॅपॅसिटर फुगण्याचा रोगच आला होता. निकृष्ट रसायन भरलेले कॅपॅसिटर हजारो बोर्डांवर बसले, कुठल्या एका कंपनीवर खापर फोडता येत नाही. सीपीयू सॉकेटच्या शेजारी उभ्या डब्यांची जी रांग दिसते ती बघा. प्रत्येकाच्या डोक्यावर अधिकचं चिन्ह किंवा ‘के’सारखी खाच असते. ते डोकं सपाट हवं. खाचेच्या मध्यभागी टेंगूळ आलं असेल, बुडाशी तपकिरी खपली धरली असेल किंवा डबा रबरी बुचावरून तिरका झाला असेल, तर तो गेला. मशीन तरीही चालू होईल, पण खेळ सुरू केल्यावर दहा मिनिटांनी आपोआप रीस्टार्ट होईल, आणि तुम्ही विंडोजला शिव्या घालत फॉरमॅटवर फॉरमॅट मारत बसाल.

बदलताना मायक्रोफॅरड तेवढेच ठेवा, व्होल्ट तेवढे किंवा थोडे जास्त, आणि जात ‘लो ईएसआर’ (आतला विद्युतरोध कमी असलेली) हवी. पंख्याच्या रेग्युलेटरच्या दुकानातला साधा कॅपॅसिटर चालणार नाही. सीपीयूजवळ बहुधा ६.३ व्होल्टचे १००० ते ३३०० मायक्रोफॅरडचे असतात. उंची आणि व्यास मोजून घ्या, नाहीतर कूलरची क्लिप बसत नाही. काढण्याआधी मोबाइलवर जवळून फोटो काढा. डब्यावरची पट्टी ऋण टोक दाखवते हे नक्की, पण बोर्डावर छापलेल्या अर्धवर्तुळाचा अर्थ सगळ्या कंपन्यांनी सारखा ठेवलेला नाही, आणि उलटा बसलेला कॅपॅसिटर फटाक्यासारखा वाजतो. मदरबोर्डाच्या आतले तांब्याचे थर उष्णता ओढून घेतात, म्हणून रेडिओ दुरुस्तीची २५ वॉटची कावी (सोल्डरिंग आयर्न) इथे चिकटून बसते. ६० वॉटची घ्या, जुन्या सांध्यावर आधी ताजं सोल्डर द्या आणि मग एकेक पाय आळीपाळीनं गरम करत डबा हलकेच डुलवून काढा. ओढलात तर भोकाच्या आतलं अस्तरच निघून येतं आणि बोर्ड कामातून जातो. हात बसलेला नसेल तर हे काम कुणाकडून तरी करून घ्या. एवढ्यासाठी शिकायचंच असेल तर आधी मेलेल्या बोर्डावर शिका, दुकानदार असे बोर्ड फुकट देतात.

एसएमपीएसचं, म्हणजे कॅबिनेटमधल्या वीजपुरवठ्याच्या डब्याचं, सांगतो. २००३ सालच्या कॅबिनेटबरोबर जो आला होता त्याच्यावर ४०० वॉट लिहिलेलं असेल, त्याला अर्थ नाही. मागे लाल स्विच असेल तर तो २३०वर आहे ना ते बघा. बोर्डापासून सुटा करून, एक जुनी हार्डडिस्क ओझं म्हणून लावून, मोठ्या कनेक्टरमधली हिरवी तार काळीला जोडली की तो चालू होतो. मल्टिमीटरवर लाल तार ४.७५ ते ५.२५ आणि पिवळी ११.४ ते १२.६ व्होल्टच्या आत हवी. त्याच्याबाहेर गेला तर भंगारात. उघडून बघू नका, आतला मोठा कॅपॅसिटर बंद केल्यावरही काही वेळ तीनशेच्या वर व्होल्ट धरून बसतो. तुमचं नशीब असं की पेंटियम फोर आपली वीज १२ व्होल्टवरून घेतो, त्यासाठीच तो वेगळा चौकोनी चार पिनांचा कनेक्टर आला. आजचे एसएमपीएस १२ व्होल्टवरच दणकट असतात, त्यामुळे चांगल्या कंपनीचा साधा नवा चालून जातो. जुन्या बोर्डाला २० पिना पुरतात, म्हणून नव्याच्या २४ पिनांच्या कनेक्टरमधल्या चार पिना सुट्या करून बाहेर लोंबत ठेवायच्या. पेंटियम थ्री किंवा जुना ॲथलॉन असता तर त्यांची भूक ५ व्होल्टवर असते, आणि तिथे नवा एसएमपीएस कमी पडू शकतो. पेंटियम थ्री शोधत फिरू नका म्हणण्यामागे हेही एक कारण आहे.

कूलर काढताना सावध. सॉकेट ४७८वर (तुमच्या पेंटियम फोरच्या बैठकीवर) सीपीयू आणि कूलरमधली थर्मल पेस्ट वाळून सिमेंट झालेली असते. कूलर सरळ वर ओढला की सॉकेटचा लिव्हर खाली असतानाही सीपीयू त्याला चिकटून उपटून येतो, आणि पिना वाकतात. मशीन दहा मिनिटं चालवून कोमट झालं की बंद करा, पिन काढा, कूलर डावी-उजवीकडे हलकेच फिरवा, पकड सुटल्यावर उचला. धूळ काढताना पंखा बोटानं धरून ठेवा, ब्लोअरनं गरगर फिरवू नका. माळ्यावरच्या कॅबिनेटमध्ये पाल, झुरळं, क्वचित उंदराचं घरटंही निघतं. बोर्डावर त्यांची घाण असेल तर आयसोप्रोपिल अल्कोहोल आणि जुना टूथब्रश. बायोसची बॅटरी सीआर२०३२, ती न बघताच बदला. रॅमच्या सोनेरी पट्ट्या खोडरबरानं घासून पुन्हा बसवा. हा उपाय सगळ्यांनी ऐकलेला आहे आणि तो अजूनही निम्म्या वेळा चालतो. चालू केल्यावर लांब बीप पुन्हापुन्हा आली तर रॅमकडेच बघायचं.

इथवर आलात आणि पडद्यावर अक्षरं उमटली, तर पैसे फारसे खर्च न होता निम्मं काम झालं.

तुमच्या बोर्डाची एक उणीव मात्र आहे आणि ती दुरुस्त होण्यातली नाही. ८४५जीव्ही चिपसेटला एजीपी, म्हणजे ग्राफिक्स कार्डासाठीची खास जोडणी, नाही. पांढऱ्या पीसीआय स्लॉटांच्या वर तपकिरी एजीपी स्लॉट असायला हवा, तिथे तुमच्याकडे मोकळी जागा दिसेल. आपल्याकडे त्या काळात हे बोर्ड स्वस्त म्हणून धो धो विकले गेले. पण खरं सांगायचं तर तुमच्या यादीला बोर्डावरचंच ग्राफिक्स पुरतं. व्हाइस सिटीला ३२ एमबी ग्राफिक्स मेमरी लागायची, ती हा चिपसेट रॅममधून उसनी घेतो, म्हणून रॅम ५१२ एमबी करा. ८०० बाय ६०० वर खेळा आणि खेळातला फ्रेम लिमिटर (सेकंदाला किती चित्रं दिसावीत ती मर्यादा) चालू ठेवा, तो काढला की गाड्यांचं वागणं बिघडतं.

पुढे हात सैल झाला आणि ग्राफिक्स वाढवावंसं वाटलं, तर पीसीआय कार्ड शोधण्यापेक्षा ८४५पीई किंवा ८६५पीईचा बोर्ड बघा. तुमचा सीपीयू आणि रॅम त्यावर चढतात, फक्त त्या बोर्डाला तुमच्या सीपीयूचा वेग मान्य आहे ना ते तपासा. त्यात जीफोर्स ४ एमएक्स ४४० किंवा एफएक्स ५२०० घालायचं. ही दोन्ही कार्डं आपल्याकडे भरपूर खपली, त्यामुळे अजून मिळतात. जीफोर्स एफएक्सपर्यंतच्या एनव्हिडिया कार्डांमध्ये जुन्या खेळांचं धुकं आणि आठ बिटांची टेक्श्चर्स (वस्तूंवर चढवलेली चित्रं) नीट दिसतात, त्या काळच्या रेडिऑनमध्ये ती उणीव राहते. आणि एक धोक्याची सूचना: एजीपीचे ३.३ व्होल्ट आणि १.५ व्होल्ट असे दोन प्रकार आहेत. ८४५ आणि ८६५ला ३.३चं कार्ड चालत नाही. खाच जुळली म्हणजे कार्ड चालेल असं धरू नका, काही जुन्या टीएनटी टू कार्डांची खाच फसवी असते. चुकीचं कार्ड घातलं तर कार्ड नव्हे, चिपसेट जळतो.

स्टोरेज. आयडीई ते साटा (नंतरच्या डिस्कची जोडणी) अडॅप्टर आणि १२० जीबीची एसएसडी घ्या. त्याहून मोठी घ्यायचा मोह टाळा. विंडोज ९८ला साधारण १३७ जीबीच्या पुढचं दिसत नाही, आणि नुसतं दिसत नाही एवढ्यावर थांबत नाही, त्या हद्दीपलीकडे लिहायला गेलं की आधीचं लिहिलेलं पुसून टाकतं. १२० त्या रेषेच्या आत बसते. तीन भाग करा. पहिला विंडोज ९८ सेकंड एडिशनसाठी, दुसरा एक्सपीसाठी, तिसरा दोघांना सामाईक, आणि तिन्ही एफएटी३२ या फाइलरचनेचे, ती दोन्ही विंडोजना वाचता येते. आधी ९८ टाका, मग एक्सपी. एक्सपी स्वतःच सुरुवातीला दोघांची निवड दाखवतो. उलट क्रमानं गेलात तर ९८ येऊन एक्सपीची सुरू होण्याची सोयच पुसेल.

या सामाईक भागाचा खरा फायदा नंतर कळतो. ९८ला पेनड्राइव्ह आपणहून ओळखता येत नाही, नेटवर्कची भानगड करायची नाही, सीडी जाळत बसणं कंटाळवाणं. मग पेनड्राइव्ह एक्सपीमध्ये लावायचा, ड्रायव्हर आणि खेळ सामाईक भागात टाकायचे, रीस्टार्ट करून ९८मध्ये जायचं, फाइली समोर हजर. माझ्याकडे येणारं प्रत्येक असं मशीन मी याच पद्धतीनं लावून देतो.

रॅम ५१२ एमबीच का, तर त्याच्या पुढे ९८ची फाइल कॅश (फाइलींसाठी रॅममध्ये राखलेली जागा) बेशिस्त वाढते आणि ‘मेमरी अपुरी’ अशी उफराटी तक्रार येते. सिस्टिम.आयएनआय या सेटिंगच्या फाइलीत व्हीकॅशला, म्हणजे याच कॅशला, मर्यादा घालून ते सावरता येतं, पण गरजच नाही. एक्सपीला या खेळांसाठी ५१२ भरपूर. दोन्ही विंडोज इंटरनेटला जोडू नका. ९८चा पाठिंबा २००६ मध्ये संपला, एक्सपीचा २०१४ मध्ये. लॅनची वायर काढूनच ठेवा.

कोणता खेळ कुठे? रोड रॅश आणि एनएफएस टू ९८वर, आयजीआय आणि व्हाइस सिटी एक्सपीवर. सीडी ड्राइव्हची लेझर या वयात मंदावलेली असते, दुसरा डीव्हीडी ड्राइव्ह भंगारात सहज मिळतो. मात्र ड्राइव्हच्या मागून बोर्डाकडे जाणारी बारीक ऑडिओ वायर टाकून देऊ नका. क्वेकसारख्या काही खेळांचं संगीत फाइलींमध्ये नसतं, सीडीवर गाण्यांच्या ट्रॅकसारखं असतं आणि याच वायरीतून वाजतं. सीडीची प्रत काढून ठेवतानाही साधी आयएसओ काढलीत तर संगीत गळून पडतं, बिन आणि क्यू अशी जोडीची प्रत काढा. आणि प्रती काढाच, चंदेरी थराला चट्टे पडायला लागलेत.

डॉसचं राहिलं. तुमच्या बोर्डावरचा आवाज एसी’९७चा आहे. शुद्ध डॉसमध्ये साउंड ब्लास्टर हे आवाजाचं कार्ड शोधणाऱ्या खेळांना तो सापडत नाही. तरी डेव्ह ९८मधून ‘रीस्टार्ट इन एमएस-डॉस मोड’ करून बिनधास्त खेळा, कारण त्याचा सगळा आवाज पीसी स्पीकरचाच आहे. प्रिन्सलाही तो चालतो, आणि आपल्याकडे शाळेच्या लॅबमध्ये बहुतेकांनी प्रिन्स तसाच ऐकलाय. फक्त कॅबिनेटमधला तो बटाटावड्याएवढा स्पीकर बोर्डाच्या चार पिनांवर जोडलेला आहे ना ते बघा. कॅबिनेट बदललंत तर नव्यात तो नसतोच, जुन्यातला काढून घ्या.

डूमच्या काळातलं एफएम संगीत (साउंड कार्डाच्या चिपनं घडवलेलं) खऱ्या कार्डावर ऐकायचं असेल तर आयएसए हा पीसीआयच्या आधीचा स्लॉट हवा, आणि तो तुमच्या बोर्डावर नाही. त्यासाठी दुसरं मशीन लागतं. पेंटियम टू किंवा थ्री, इंटेल ४४०बीएक्स चिपसेट, आणि साउंड ब्लास्टर १६, यामाहा ७१९ किंवा ईएसएस १८६८ यांपैकी एक. पैकी ईएसएसचं कार्ड आपल्याकडे सगळ्यात स्वस्त मिळतं आणि लोक उगाच नाकं मुरडतात, त्याचा आवाज चांगला आहे. कार्ड बसल्यावर ऑटोएक्झेकमध्ये (डॉस सुरू होताना चालणाऱ्या फाइलीत) ब्लास्टरची ओळ लागते: ए२२०, आय५, डी१. खेळाच्या सेटअपमध्ये हेच आकडे द्यायचे. आवाज येतो पण दोन सेकंदांनी तोच तुकडा अडखळत वाजत राहतो, तेव्हा आयआरक्यूचा, म्हणजे ‘आय’च्या पुढचा, आकडा चुकलाय हे समजा. आय७ करून बघा.

पण नाशिकमध्ये असं मशीन मिळवणं सोपं नाही, आणि त्याचं कारण खेळणारी मंडळी नव्हेत. आयएसए स्लॉटचा बोर्ड विचारत दुकानात येणारं गिऱ्हाईक बहुधा सातपूर नाहीतर अंबडच्या कारखान्यातून आलेलं असतं. त्यांचं लाखो रुपयांचं मशीन एका जुन्या आयएसए कार्डावर चालतं, बोर्ड गेला की उत्पादन बंद, त्यामुळे ते म्हणाल ती किंमत देतात. उरलेला माल सोनं काढणाऱ्यांकडे जातो. ४८६ आणि पहिल्या पेंटियमचे सिरॅमिक सीपीयू भंगारवाला वजनावर विकतो, तो ते तुमच्यासाठी राखून ठेवणार नाही. अंबड लिंक रोडच्या भंगार बाजारात पूर्वी ढीगच्या ढीग लागायचे, महापालिकेच्या मोहिमांनंतर ते राहिलेलं नाही. हल्ली जास्त बरं मिळतं ते कॉलेजांच्या आणि सहकारी संस्थांच्या जुन्या लॉटमधून. ओळखीच्या प्रयोगशाळा सहायकाला सांगून ठेवा. ब्रँडेड मशीन मिळालं तर त्याचा एसएमपीएस आणि बोर्ड एकत्रच घ्या. १९९६ ते २०००च्या दरम्यानच्या काही डेल मशीनमध्ये कनेक्टर नेहमीसारखा दिसतो पण तारांची जागा वेगळी असते, साधा एसएमपीएस लावला की बोर्ड गेला. चांगले लो ईएसआर कॅपॅसिटर नाशिकमध्ये मापात मिळाले नाहीत तर सकाळच्या पंचवटी एक्सप्रेसनं मुंबईला जाऊन लॅमिंग्टन रोडच्या इलेक्ट्रॉनिक्स बाजारातून आणा, संध्याकाळी परत. नुसते तेवढेच आणायला जाऊ नका, दोन-चार बोर्डांची यादी करून जा.

मॉनिटरबद्दल शेवटचं, कारण तुम्ही तो विकायच्या विचारात आहात असं दिसतं. विकू नका. डॉसचे ३२० बाय २०० चे खेळ सेकंदाला ७० वेळा पडदा रंगवतात आणि चित्र चारास तीनच्या पडद्यावर उभं ताणलं जाईल असं धरून काढलेलं असतं. सीआरटी हे सगळं आपसूक करतो. आजचा साधा एलसीडी बहुधा ६० वर चालतो, त्यामुळे सरकत्या चित्रात बारीक झटके दिसतात, आणि रुंद पडद्यावर प्रिन्स जाडजूड होतो. एलसीडीच वापरायचा झाला तर १६०० बाय १२०० चा जुना शोधा. ३२०चे पाचपट १६०० आणि २००चे सहापट १२००, त्यामुळे प्रत्येक ठिपका पूर्ण चौकटीत बसू शकतो. विंडोजमध्ये मात्र सीआरटी ६० हर्ट्झवर ठेवू नका, डोळे दुखतील. १०२४ बाय ७६८ला मॉनिटर झेपवत असेल तर ८५, नाहीतर ८०० बाय ६०० वर या.

पावसाळा माळ्यावर काढलेला मॉनिटर लगेच चालू करू नका, आठवडाभर कोरड्या हवेशीर खोलीत ठेवा. पहिल्यांदा चालू केल्यावर चर्रचर्र आवाज आला किंवा ओझोनसारखा वास आला तर लगेच बंद करा, आत उच्च दाबाची गळती आहे. मागचं झाकण स्वतः उघडायचं नाही. पिक्चर ट्यूबवर वीस हजार व्होल्टच्या पुढचा दाब असतो आणि बंद केल्यावरही तो टिकून राहतो. जुने टीव्ही दुरुस्त करणारे कारागीर शहरात अजून आहेत, त्यांच्याकडे न्या.

खर्चाचा क्रम असा ठेवा: आधी बॅटरी, पेस्ट आणि यूएसबी अडॅप्टर, मग लागलेच तर कॅपॅसिटर, मग एसएमपीएस, त्यानंतर एसएसडी आणि रॅम. ग्राफिक्सचा बोर्ड बदलायचा विचार महिनाभर खेळून झाल्यावर करा. कॅपॅसिटर बदलण्याच्या लायकीचे आहेत की नाही हे ठरत नसेल तर सॉकेटभोवतीचा फोटो बाजूनं काढा, वरून नको. वरून सगळेच सपाट दिसतात.